सिलिकॉनवर सेंद्रिय थर: मार्चमध्ये झक्कास, जुलैमध्ये फुस्स, असं का?

टेकडीवाला | १२ जुलै, रात्री १०:०५

नमस्कार मंडळी, बऱ्याच दिवसांनी धागा काढतोय. विषय जरा तांत्रिक आहे, पण इथे सगळ्या प्रकारची माणसं आहेत म्हणून इथेच विचारतो. मी भोसरीत एका छोट्या कंपनीत आहे, आम्ही सेन्सरसाठी सिलिकॉनच्या वेफरवर (पातळ चकतीवर) सेंद्रिय रेणूंचा थर चढवतो, एकाच रेणूच्या जाडीचा, म्हणजे अडीच नॅनोमीटर वगैरे. रेणूचं नाव ऑक्टाडेसिलट्रायक्लोरोसिलेन, आम्ही ओटीएस म्हणतो. एका टोकाला अठरा कार्बनची शेपटी, दुसऱ्या टोकाला एक सिलिकॉन आणि त्याला तीन क्लोरीन. टोल्युइनमध्ये थोडंसं घालायचं, धुतलेला वेफर बुडवायचा, काढायचा, धुवायचा. थर नीट बसला की पाण्याचा थेंब अळूच्या पानावर बसतो तसा टुम्म बसतो.

मार्चमध्ये थेंबाचा कोन (थेंबाची कड पृष्ठभागाशी करते तो, थर चांगला तर कोन मोठा) १०८-११० अंश येत होता. जूनच्या तिसऱ्या आठवड्यापासून जे बिघडलंय ते बिघडलंयच. ८५, कधी ९०, आणि वेफरवर धुकं धरल्यासारखा पांढरटपणा, बोट फिरवलं तर पिठूळ लागतं. रेसिपी तीच, बाटली तीच, माणूस तोच. साहेब म्हणतात तुझा हात बिघडला.

आणि एक मुळातला प्रश्न. कॉलेजात शिकलो की सिलिकॉन एकदम थंड गडी, आम्लात टाका, काही होत नाही. पण पेपर वाचायला घेतले तर इथिलीन लागलं की चिकटलं, बेंझीन लागलं की चिकटलं. मग खरं काय?

सुगरण_औंध | १२ जुलै, रात्री १०:३१

मी सेंद्रिय भाजीचा धागा समजून आले. माझ्याकडे सिलिकॉनचे केकचे साचे आहेत, त्यांना तर काहीच चिकटत नाही, म्हणून तर घेतले!

कोथरूडचा_कोल्हा | १२ जुलै, रात्री १०:३४

जुलैत पुण्यात कपडे वाळत नाहीत, भिंतीचा रंग वाळत नाही, तुमचा थर कसा वाळेल? साहेबांना सांगा हात नाही, हवा बिघडली.

नाना_सदाशिव | १२ जुलै, रात्री १०:५०

ताई, साच्याचं ते सिलिकोन, वेफरचं ते सिलिकॉन. एका मात्रेच्या जागेत सगळी गंमत आहे. पहिलं रबरासारखं, त्यात सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन अशी साखळी असते आणि बाजूंना मिथाइलचे गट. दुसरं मूलद्रव्य. मराठीत दोन्हींना लोक एकच म्हणतात आणि मग असे घोळ होतात. बाकी सेंद्रिय शब्दाबद्दल तुमचा दोष नाही, सेंद्रिय गुळवाल्यांनी तो आमच्याकडून पळवला.

सुगरण_औंध | १२ जुलै, रात्री १०:५५

बरं बाई. वाचतेय.

निवृत्त_मास्तर | १३ जुलै, सकाळी ६:२०

टेकडीवाले, तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण त्यातून पहिल्याचं उत्तर निघेल.

सिलिकॉन थंड नाही. तुम्ही हातात घेता तो वेफर म्हणजे रेनकोट घातलेला सिलिकॉन आहे. हवेत आला की त्यावर एक-दोन नॅनोमीटर ऑक्साइड आपोआप चढतं. सिलिकॉन-सिलिकॉन बंध तोडायला मोलमागे सव्वादोनशे किलोज्यूलच्या आसपास लागतात, सिलिकॉन-ऑक्सिजनला साडेचारशेच्या आसपास, मग तो ऑक्सिजनकडे जाणार नाही तर काय. आपण त्या कोटाशी बोलतो आणि म्हणतो हा माणूस शांत आहे.

आता कोट काढा. निर्वात कक्षात, १० चा उणे १० वा घात टॉर एवढ्या दाबात, वेफर तापवून ऑक्साइड उडवून द्यायचं. एवढा निर्वात कशाला? तर १० चा उणे ६ वा घात टॉरला पृष्ठभागावर साधारण सेकंदाला एक थर बसेल इतके रेणू आदळतात. त्याच्या दहा हजारपट कमी दाब केला की दहा हजार सेकंद मिळतात, म्हणजे पावणेतीन तास. तेवढ्यात काय ते काम उरकायचं. आमच्या वेळी पंप सुरू करून, सगळा कक्ष भट्टीसारखा शेकून, दोन-तीन दिवस थांबावं लागे आणि नेमका तिसऱ्या दिवशी एमएसईबीचा गुरुवार यायचा. बंद पडलेल्या पंपाकडे बघत बसण्यात माझी उमेदीची बरीच वर्षं गेली आहेत.

तर असा उघडा सिलिकॉन, त्याचा १०० हा पृष्ठभाग घ्या (स्फटिक कुठल्या दिशेने कापला त्याचा हा आकडा). आतल्या प्रत्येक अणूला चार शेजारी. वरच्या थरातल्याचे दोन बंध तुटलेले, दोन हात मोकळे. मग शेजारचे दोन अणू एकमेकांकडे सरकतात आणि जोडी करतात. एक हात घट्ट धरतात, दुसरा हातही धरतात पण तो नावापुरता. अशा जोड्यांच्या रांगाच्या रांगा, शेतातल्या सऱ्यांसारख्या. तो नावापुरता धरलेला दुसरा हात हेच सगळ्या रसायनाचं मूळ. इथिलीन आलं की त्याचा दुहेरी बंध उघडतो, यांचाही तो ढिला हात सुटतो आणि कार्बनचे दोन हात सिलिकॉनच्या दोन हातांत. साध्या खोलीच्या तापमानाला.

फिरायला जायची वेळ झाली, बाकी नंतर.

चाफा | १३ जुलै, सकाळी ९:१५

मास्तर काका, दंडवत! म्हणजे फुगडीच की. दोन्ही हात धरलेत पण एका हाताची पकड ढिली.

एक भर घालते, मी पाषाणलाच पीएचडी करतेय आणि याच्या जवळपासचाच विषय आहे. तुम्ही म्हणता तसं इथिलीनचं जमणं हे खरं तर पुस्तकाप्रमाणे जमायला नको. दोन आणि दोन अशी ही जोडणी, ती सरळ समोरासमोर आणि नुसत्या उष्णतेवर होत नाही असं वुडवर्ड आणि हॉफमन यांचे १९६५ चे नियम सांगतात. दोन इथिलीन एकमेकांसमोर ठेवून तापवत बसा, हाताला फारसं काही लागत नाही. मग सिलिकॉनवर कसं जमतं? कारण फुगडीतल्या दोघी एका पातळीवर नाहीत. एक अणू वर उचललेला, एक खाली दबलेला, आणि वरच्याकडे इलेक्ट्रॉन जास्त, खालच्याकडे कमी. म्हणजे खालचा उपाशी. इथिलीन आधी त्या उपाशी अणूकडे तिरकं येतं आणि मग दुसऱ्या बाजूला वळतं. समोरासमोर यायचंच नाही म्हटल्यावर नियम मोडायचा प्रश्नच नाही, बाजूच्या बोळातून गेल्यासारखं.

अमाइनचं तर आणखी स्पष्ट दिसतं. नायट्रोजनकडे इलेक्ट्रॉनची एक जोडी रिकामी बसलेली असते, ती थेट त्या उपाशी अणूला दिली जाते. ट्रायमिथाइलअमाइन तसंच धरून बसतं. डायमिथाइलअमाइन असेल तर त्याच्या नायट्रोजनवरचा हायड्रोजन सुटून शेजारच्या वरच्या अणूवर जाऊन बसतो.

कोथरूडचा_कोल्हा | १३ जुलै, सकाळी ९:४०

सोसायटीत पार्किंगचे नियम असेच मोडतात. समोरून नाही, तिरकं.

नाना_सदाशिव | १३ जुलै, सकाळी ११:०२

चाफाताई, फुगडीत दोघीही बाहेर झुकतात, एक वर एक खाली असं होत नाही. उपमा सी-सॉची द्या. ह.घ्या.

चाफा | १३ जुलै, दुपारी १:१०

नाना, एक उंच आणि एक बुटकी असेल तर होतं, आमच्या मंगळागौरीला होतं :) पण सी-सॉ मान्य, कारण खोलीच्या तापमानाला हे खरंच वरखाली होत असतं, इतकं भराभर की एसटीएमच्या (अणू दाखवणाऱ्या सूक्ष्मदर्शकाच्या) चित्रात दोघी समान उंचीच्या दिसतात. उणे १५० सेल्सियसच्या आसपास गार केलं की मग थांबलेल्या दिसतात.

निवृत्त_मास्तर | १३ जुलै, रात्री ८:३५

एसटीएमचं नाव निघालंच आहे तर राहवत नाही. बिनिग आणि रोरर यांनी आयबीएमच्या झुरिकच्या प्रयोगशाळेत हे यंत्र केलं आणि १९८३ मध्ये सिलिकॉनच्या १११ पृष्ठभागाचं ७×७ चित्र छापलं. त्याआधी पंचवीसएक वर्षं इलेक्ट्रॉनांच्या विवर्तनातून लोकांना एवढंच कळत होतं की दर सात अणूंनी नक्षी पुन्हा येते. अणू कुठे आहेत यावर मारामाऱ्या. चित्रात बारा ठिपके आणि कोपऱ्यांवर खड्डे स्वच्छ दिसले. पूर्ण रचना ताकायानागी आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये मांडली, आणि १९८६ मध्ये बिनिग-रोररना नोबेल, रुस्का यांच्यासोबत. मी ते चित्र पहिल्यांदा लायब्ररीत झेरॉक्सवर पाहिलं, काळंबेरं होतं, तरी उठून बाहेर जाऊन एक चहा पिऊन आलो आणि मग परत पाहिलं.

त्या नक्षीच्या एका चौकटीत, म्हणजे तिरप्या समभुज चौकटीत, ४९ मोकळे हात असायला हवे होते, अणूंनी जागा बदलून ते १९ वर आणले. सिलिकॉनला मोकळे हात किती नकोसे असतात बघा.

अभ्या_फॅब | १३ जुलै, रात्री ९:२०

मास्तर, सगळं खरं, पण टेकडीवाल्याच्या वेफरचा या निर्वाताशी काय संबंध? तो भोसरीत ट्रेमध्ये टोल्युइन घेऊन बसलाय. त्याचं रसायन पूर्ण वेगळं. त्याच्याकडे रेनकोट आहे आणि तो रेनकोटच्या बटणांना रेणू लावतोय.

निवृत्त_मास्तर | १३ जुलै, रात्री ९:३१

सहमत. तेच म्हणायचं होतं, मध्येच वाहवलो. म्हातारपण.

अभ्या_फॅब | १३ जुलै, रात्री १०:००

मी सहा वर्षं परदेशात फॅबमध्ये (चिप बनवायच्या कारखान्यात) होतो. बटणं म्हणजे ओएच, ऑक्सिजन-हायड्रोजनचे गट. ऑक्साइड नीट धुतलं की प्रत्येक चौरस नॅनोमीटरवर पाचच्या आसपास ओएच मिळतात. आमच्याकडे फोटोरेझिस्ट (प्रकाशाने नक्षी उमटवायचा लेप) लावायच्या आधी एचएमडीएस नावाच्या सिलिकॉन-संयुगाची वाफ सोडायचे, ती त्या ओएचचा हायड्रोजन काढून तिथे ट्रायमिथाइलसिलिल बसवते आणि अमोनिया सोडते. ओएच राहिले तर पाणी धरून बसतात आणि रेझिस्ट उचकटतं. नवीन पोरगं आलं की त्याला त्या मशीनपाशी उभं करायचे, नाकाला अमोनिया आला की म्हणायचे चला, काम चालू आहे. नाकाने प्रोसेस कंट्रोल. एचएमडीएसची मजा ही की त्याचे रेणू एकमेकांत गुंतत नाहीत. ओटीएसला तीन क्लोरीन, म्हणजे तीन हात. पाणी भेटलं की क्लोरीन जाऊन ओएच येतो, हायड्रोजन क्लोराइड सुटतो, आणि तीन हातांचे हे गडी वेफरपर्यंत पोचायच्या आधी वाटेतच एकमेकांचे हात धरून गोळा होतात. तेच तुझं पिठूळ.

टेकडीवाला, हवेतली आर्द्रता मोजली का? आणि बाटली उघडताना धूर येतो का?

टेकडीवाला | १४ जुलै, सकाळी ८:५०

येतो! मार्चमध्ये नव्हता एवढा. झाकण फिरवलं की पांढरी वाफ, आणि नाकात झोंबतं. बाटलीच्या गळ्याला पांढरी खरपुडी पण धरलीय, मी दर वेळी टिश्यूने पुसून काढतो. आर्द्रतामापक आहे भिंतीवर. रजिस्टर काढून बघितलं, मार्चमध्ये दुपारी २८ टक्के, काल ८१. म्हणजे आम्ही रोज लिहीत होतो आणि कुणी बघत नव्हतं.

मग सगळं पाणी काढून टाकतो. मॉलिक्युलर सीव्ह (पाणी शोषणारे खडे) टाकलेलं कोरडं टोल्युइन, वेफर पण ओव्हनमध्ये कडक भाजून.

चाफा | १४ जुलै, सकाळी ९:३०

थांबा थांबा थांबा. वेफर कडक भाजू नका. हेच लोक चुकतात आणि मीही चुकले होते, दोन महिने घालवले. पाणी पूर्ण काढलं तरी थर अर्धवट बसतो. वेफरवर पाण्याचा अगदी पातळ पापुद्रा लागतो, रेणू तिथे येऊन क्लोरीन सोडतात, शेजाऱ्यांशी जोडले जातात, अधूनमधून ऑक्साइडलाही बांधले जातात, शेपट्या उभ्या राहतात. पाणी हवं, पण वेफरवर हवं, टोल्युइनमध्ये नको. फोडणीत पाणी पडलं तर काय होतं ते सुगरणताई सांगतील, पण पोहे भिजवल्याशिवाय पण होत नाहीत ना.

आणि शक्य असेल तर ट्रे थंड ठेवा, शेपट्या दाटीवाटीने नीट उभ्या राहतात.

अवांतर, अळूच्या पानावर थेंबाचा कोन १५० च्या पुढे असतो, कारण पानाला बारीक खडबडीतपणा असतो. गुळगुळीत पृष्ठभागावर शेपट्या कितीही छान उभ्या राहिल्या तरी ११०-११५ च्या वर जात नाही. तेव्हा ११० म्हणजे पैकीच्या पैकी समजा.

सुगरण_औंध | १४ जुलै, सकाळी १०:१२

आता कळलं! पोहे चाळणीत धुवून निथळून ठेवायचे, पातेल्यात बुडवून नाही. इतकं सोपं सांगितलं असतं तर मी पण सायन्स घेतलं असतं.

क्यूसी_वाली | १४ जुलै, दुपारी ३:०५

अहो थांबा, अठरा कार्बनची शेपटी, सिलिकावर बांधलेली... हा तर आमचा सी-१८ कॉलम! अकरा वर्षं एचपीएलसीवर (मिश्रणातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्रावर) बसतेय, रोज तो कॉलम लावते काढते, आणि आत हे असं काही आहे याचा कधी विचारच नाही केला. बाबा, आम्हाला एवढंच शिकवलं की पीएच २ ते ८ च्या मध्ये ठेवा नाहीतर कॉलम जाईल. का जाईल ते सांगा ना कुणीतरी.

चाफा | १४ जुलै, संध्याकाळी ५:४०

२ च्या खाली शेपटीला सिलिकाशी बांधणारा सिलिकॉन-ऑक्सिजन-सिलिकॉन बंध पाणी तोडायला लागतं, शेपट्या गळतात. ८ च्या वर सिलिकाच विरघळायला लागते, म्हणजे घराची वीट नाही, जमीनच जाते. तुमच्याकडे औषधात अमाइन असेल तर आलेखातल्या पीकला शेपूट येतं ना? तो उरलेला ओएच. दाटीमुळे सगळ्या ओएचवर अठरा कार्बनवाला बसू शकत नाही, उरलेले ओएच अमाइनला धरून ठेवतात. म्हणून वरून छोटा ट्रायमिथाइलवाला घालून फटी बुजवतात, त्यालाच तुमच्या कॉलमच्या डब्यावर एंडकॅप्ड लिहिलेलं असतं.

क्यूसी_वाली | १४ जुलै, संध्याकाळी ५:५२

डबा काढून बघितला. लिहिलंय. अकरा वर्षं!!

नाना_सदाशिव | १४ जुलै, रात्री ९:१०

मग हे ऑक्सिजनचं लचांड मधे ठेवायचंच कशाला? कार्बन थेट सिलिकॉनला बांधा, पाणी तोडायला येणार नाही.

चाफा | १४ जुलै, रात्री १०:४५

नाना, तुम्ही माझ्या थिसिसचा विषय एका वाक्यात उरकलात. होतं तसं. रेनकोट एचएफने (हायड्रोफ्लोरिक आम्लाने) काढायचा, मग सिलिकॉनच्या मोकळ्या हातांवर हायड्रोजन बसतो. निर्वात लागत नाही, साध्या फ्यूमहूडमध्ये होतं, फक्त ऑक्सिजन दूर ठेवायचा. मग टोकाला दुहेरी बंध असलेली लांब साखळी घालून तापवा किंवा प्रकाश टाका. एक हायड्रोजन निघाला की तिथे मोकळा हात, तो साखळीचा दुहेरी बंध पकडतो, आता साखळीवरच्या कार्बनचा हात मोकळा, तो शेजारच्या सिलिकॉनचा हायड्रोजन ओढतो, मग तिथे मोकळा हात... खो खो सारखं. लिनफर्ड आणि चिडसी यांनी १९९३ मध्ये असे थर पहिल्यांदा दाखवले. आणि २००० मध्ये कॅनडातल्या लोपिन्स्की, वेनर आणि वोल्को यांनी स्टायरीन घेऊन हाच खो खो एसटीएमखाली दाखवला. हायड्रोजन लावलेल्या सिलिकॉनवर स्टायरीनची रेघ आपली आपण रांगेच्या बाजूने वाढत जाते. मी तो पेपर महिन्यातून एकदा तरी उघडते, काही काम नसताना.

थर टिकाऊ असतात, ओटीएस जिथे गळतं तिथेही हे बऱ्यापैकी तग धरतात. पण टेकडीवाले, तुम्ही यात पडू नका. एचएफ आहे.

कोथरूडचा_कोल्हा | १४ जुलै, रात्री १०:५१

एचएफ म्हणजे ज्याची बाटली काचेची नसते तेच ना? काच खातं म्हणून?

अभ्या_फॅब | १४ जुलै, रात्री ११:१०

तेच. आणि गंमतीवारी नेऊ नका हे प्लीज. पुस्तकात ते सौम्य आम्ल म्हणून येतं, आणि पातळ असेल तर कातडीवर पडल्या पडल्या दुखतही नाही, तीच भानगड. आत शिरतं, शरीरातलं कॅल्शियम धरतं, काही तासांनी वेदना सुरू होतात तोवर उशीर झालेला असतो. जिथे एचएफ आहे तिथे कॅल्शियम ग्लुकोनेटचं जेल हाताशी हवं, कपाटात कुलूप लावून नव्हे. मी एका ठिकाणी, नाव घेत नाही, जेलची ट्यूब बघितली तर मुदत संपून चार वर्षं झालेली. मी बोंब मारली तर मला म्हणाले लागलीच कुठे आजवर.

तसंच पिराना. तीन भाग सल्फ्युरिक, एक भाग हायड्रोजन पेरॉक्साइड. वेफर धुवायला आणि ओएच उगवायला उत्तम. पण त्यात ॲसिटोनचा एक थेंब जायला नको आणि टाकाऊ पिरानाच्या बाटलीला झाकण घट्ट लावायचं नाही. आमच्या एका दोस्ताने लावलं होतं. रात्री फुटली, सुदैवाने रात्री.

निवृत्त_मास्तर | १५ जुलै, सकाळी ६:१५

हा प्रतिसाद वरती चिकटवून ठेवावा अशी विनंती.

क्यूसी_वाली | १५ जुलै, दुपारी १२:३०

टेकडीवाले, रसायनातलं मला कळत नाही पण क्यूसीचं नाक आहे. तुमची ती बाटली ठेवता कुठे? डेसिकेटरमध्ये (वस्तू कोरडी ठेवायच्या बंद भांड्यात) ना? त्यातली सिलिका जेल कुठल्या रंगाची आहे?

टेकडीवाला | १५ जुलै, दुपारी २:२०

गुलाबी :( 

मला वाटलं गुलाबीच असते. मी जॉइन झालो तेव्हापासून गुलाबी आहे.

क्यूसी_वाली | १५ जुलै, दुपारी २:२२

निळी असते हो! गुलाबी म्हणजे पाणी पिऊन टम्म झालेली.

कोथरूडचा_कोल्हा | १५ जुलै, दुपारी २:२३

खिक्क! साहेब कोण जॉइन झाले आधी, ते की जेल?

टेकडीवाला | २१ जुलै, रात्री ९:४५

अपडेट देतो. जुनी बाटली रीतसर फेकायला दिली, नवीन मागवली, छोटी, २५ मिलीची, म्हणजे दर वेळी मोठी बाटली उघडायला नको. टोल्युइन सीव्हवर ठेवलेलं. एका जुन्या फिशटँकसारख्या पेटीला नायट्रोजन जोडून आत काम केलं, दोन तास आधीपासून नायट्रोजन सोडून, आत मापक ठेवला तर २२ टक्के. वेफर पिरानाऐवजी यूव्ही-ओझोनने साफ केला, अभ्याचा प्रतिसाद वाचून साहेबच घाबरले. भाजला नाही, नुसता नायट्रोजनने फुंकला.

चार वेफर केले. तीन १०७, १०९, १०८. चौथा ९४. चौथ्यावर नीट बघितलं तर एका कडेला पांढरा डाग, अगदी चिमट्याच्या टोकाच्या आकाराचा. चिमटा धुवून ओलाच वापरला होता मी.

साहेब म्हणाले म्हणजे हातच होता तर.

चाफा | २१ जुलै, रात्री ९:५८

हाहा. तीन तर आले! चिमट्याचे पण दोन ठेवा, एक ओल्या कामाला, एक कोरड्या.

क्यूसी_वाली | २१ जुलै, रात्री १०:०४

अभिनंदन. आणि जेल?

टेकडीवाला | २१ जुलै, रात्री १०:१०

ओव्हनमध्ये भाजली रात्रभर, निळीशार झालीय.

सुगरण_औंध | २१ जुलै, रात्री १०:१२

कुठल्या ओव्हनमध्ये?

टेकडीवाला | २१ जुलै, रात्री १०:१३

लॅबच्या, ताई. घरच्याला हात लावला असता तर आज हा प्रतिसाद लिहायला नसतो.